कात्री चालते, तरी दुखत का नाही?

आमच्या डोंबिवलीत रविवारी सकाळी सलूनमध्ये गर्दी नसेल तर समजावं, कॅलेंडर चुकलंय. फडके रोडच्या मागच्या गल्लीतलं आमचं नेहमीचं सलून म्हणजे तीन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, कुरकुरणारा पंखा आणि जुनी वर्तमानपत्रं चाळत बसलेले आठ-दहा जण. त्या दिवशी त्यांच्यात मी होतो आणि तिसरीतला माझा भाचा ओंकार होता. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्याला वर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, कात्रीची कचकच सुरू झाली आणि त्याचा प्रश्न आला.

“मामा, काल सईताईने माझा एकच केस ओढला तर केवढं दुखलं! आणि हे काका शंभर केस कापतायत, तरी काहीच कसं होत नाही?”

न्हावीकाका हसले. “अरे, केसाला कुठे जीव असतो?”

“जीव नाही? मग वाढतो कसा?”

आता बोला! काकांची कात्री क्षणभर थांबली. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि बाकीचे आठ-दहा जणही वर्तमानपत्रातून डोकं काढून माझ्याकडेच बघायला लागले.

तर, झालं काय की काका बरोबर होते आणि ओंकारही बरोबर होता. केसाचं मूळ डोक्याच्या कातडीत तीन-चार मिलिमीटर खोल रुतलेलं असतं. तिथे कांद्याच्या गड्ड्यासारखा एक फुगीर भाग असतो. जिवंत काय ते तिथेच. त्या गड्ड्यात पेशी भराभर वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. नव्या पेशी खालून रेटा देतात आणि जुन्या वर सरकतात. आठ सत्तेचाळीसची लोकल आठवा. तुम्ही दारातून आत शिरत नाही, मागची गर्दी तुम्हाला आत नेते. तसंच. वर सरकता सरकता प्रत्येक पेशी आपल्या पोटात एक चिवट पदार्थ ठासून भरत जाते. इतका, की तिच्यात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही, आणि ती मरते. डोक्याबाहेर जो दिसतो तो अशा मेलेल्या, ठासून भरलेल्या पेशींचा दोरा. त्यात ना रक्त ना नस, मग कात्रीची खबर मेंदूला देणार कोण? पण मुळाभोवती मात्र नसांची जाळी असते. केस ओढला की ती जाळी हलते आणि तुम्ही “आई गं!” म्हणता.

त्या चिवट पदार्थाचं नाव केराटिन. ते एक प्रथिन आहे. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग, त्यावरून हे नाव पडलं. कल्याणकडे तबेल्यातल्या म्हशी बघितल्या असतील ना? त्यांच्या वळलेल्या शिंगाच्या आत हाड असतं, पण वरचा काळा, गुळगुळीत कोष केराटिनचा. खूर केराटिनचे, आपली नखंही. गेंड्याच्या शिंगात तर हाड नसतंच, ते अख्खं केराटिनचं. बैलाच्या खुराला नाल ठोकतात तरी तो ओरडत का नाही, याचं उत्तर आता तुम्हाला काकांच्या दुकानात मिळालंच.

थोडा हिशोब करू. (गणित आलं म्हणून पान उलटू नका, मजेचं आहे.) आपल्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. एक केस दिवसाला साधारण 0.35 मिलिमीटर वाढतो. म्हणजे सगळ्या डोक्याचं मिळून दिवसाला 35 मीटर! एकापुढे एक जोडले तर अकरा-बारा मजली इमारतीइतका उंच धागा, रोज, तोही झोपेतसुद्धा. काही केस सुट्टीवर असतात हे धरूनही साधारण सहा महिन्यांत तुमच्या डोक्याने डोंबिवली स्टेशनपासून कल्याण स्टेशनपर्यंत पोचेल एवढा धागा विणलेला असतो. आणि रोज पन्नास ते शंभर केस गळतातही. कंगव्यात केस दिसले म्हणून घाबरणाऱ्या सईला मी हे सांगितलं, तर तिने दुसऱ्या दिवशी खरंच मोजले. त्रेसष्ट निघाले. मग ती निवांत झाली.

नखांचं गणित त्याहून भारी आहे, कारण ते एका माणसाने करून दाखवलं. पुण्याचे श्रीधर चिल्लाळ शाळेत असताना त्यांच्या हातून शिक्षकांचं जपून वाढवलेलं लांब नख मोडलं. शिक्षक रागावले. नख सांभाळणं म्हणजे काय ते तुला काय कळणार, असं काहीसं ते म्हणाले, आणि या मुलाने ते मनावर घेतलं. 1952 पासून डाव्या हाताची नखं कापणं बंद! गिनेस बुकवाल्यांनी 2014 साली मोजली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी भरली 909.6 सेंटीमीटर. नऊ मीटरच्या वर! एकट्या अंगठ्याचं नख 197.8 सेंटीमीटर होतं, तुमच्या बाबांहून उंच. चकलीसारखं गोल गोल वळलेलं.

आता भागाकार करा. 1978 मिलिमीटर भागिले 62 वर्षांचे 744 महिने. उत्तर येतं महिन्याला सुमारे 2.7 मिलिमीटर. डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. बघा, एका माणसाच्या हट्टाने पुस्तकातला आकडा जवळपास जुळवून दाखवला! 2018 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती नखं कापून घेतली. तोवर त्यांची सहासष्ट वर्षं गेली होती आणि डावा हात कायमचा अधू झाला होता. मला विचाराल तर विक्रमापेक्षा भागाकार आवडला.

केस झाले, नखं झाली. पण केराटिनचं सगळ्यात मोठं काम या दोघांत नाही, ते कातडीत आहे.

तुमची कातडी म्हणजे लिफ्ट नसलेली इमारत समजा. तळमजल्यावर रोज नव्या पेशी जन्मतात आणि जिना चढायला लागतात. चढताना तोच उद्योग: पोटात केराटिन भरायचं, हळूहळू चपटं व्हायचं आणि गच्चीवर पोचेपर्यंत मरून जायचं. या प्रवासाला साधारण महिना लागतो. गच्चीवर अशा मेलेल्या, फरशीसारख्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या असतात. विटा आणि सिमेंट म्हणा ना. अंगावर बहुतेक ठिकाणी या सगळ्याची जाडी वहीच्या कागदापेक्षाही कमी. एवढ्या पातळ भिंतीमुळे तुम्ही जुलैच्या पावसात भिजून पुरणपोळीसारखे फुगत नाही आणि मे महिन्यात वाळून पापड होत नाही. थोडक्यात, ओंकार, तुझा जेवढा भाग मला आत्ता दिसतोय, तो डोळे सोडले तर जवळजवळ सगळा मेलेला आहे.

हे ऐकून ओंकारने आरशात स्वतःकडे फार संशयाने बघितलं.

जिथे घासलं जातं तिथे ही भिंत आपोआप जाड होते. उजव्या हाताचं मधलं बोट बघा (डावखुऱ्यांनी डाव्या हाताचं), नखाच्या शेजारी, जिथे पेन टेकतं तिथे. लागला हाताला छोटासा टणक उंचवटा? तो घट्टा. तुम्ही जितकं लिहिलंत तितकं केराटिन तिथे साठलं. तबलजीच्या बोटांवर, हमालाच्या खांद्यावर, टाचांवर असंच. पण टाचेची भिंत फार जाड होऊन कोरडी पडली की चालताना तडकते आणि आजी म्हणते, भेगा पडल्या.

गच्चीवरच्या जुन्या फरश्या मात्र रोज गळून पडत असतात. पंख्याच्या पात्यांवर जी करडी धूळ चढते, तिच्यात थोडे तुम्हीही असता. डोक्यावरून त्या फार भराभर आणि पुंजक्याने सुटल्या की त्याला आपण कोंडा म्हणतो.

आता हे केराटिन इतकं चिवट, तर ते खातं कोण? आपल्याला पचत नाही. (नखं कुरतडणाऱ्यांनी नोंद घ्यावी: पोटात काहीही पडत नाही, घाण सोडून. नवं केराटिन घडवायला शरीराला लागतं ते वरण, उसळ, दूध, अंडं, शेंगदाणे यांतलं प्रथिन. शरीर ते सुटं करतं आणि पुन्हा आपल्या पद्धतीने गुंफतं.) घुबड उंदीर गिळतं, पण उंदराची लव पचत नाही म्हणून गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. तरीही हे खाणारे वीर आहेत, आणि त्यातला एक तुमच्या भिंतीवर आहे. आठवा: करड्या रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी पिशवी, भिंतीला चिकटलेली. बराच वेळ बघत राहिलं तर तिच्या टोकातून इवलंसं डोकं बाहेर येतं आणि पिशवी चालायला लागते! ती एका पतंगाची अळी. सुटलेले केस, लोकर, कोळ्याची जुनी जाळी हे तिचं जेवण. डोंबिवलीत स्वेटर बाहेर निघतो तो महाबळेश्वरच्या सहलीपुरता, त्यामुळे तिला बिचारीला बहुतेक तुमच्या केसांवरच भागवावं लागतं.

दुसरा वीर त्रासदायक आहे. जून-जुलैत ओले मोजे, ओले बूट आणि त्यात दिवसभर शाळा असं झालं की पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, कातडी पांढरी पडून सोलवटते. चिखल्या झाल्या, म्हणतात. नाव चिखलाचं, पण चिखलाचा त्यात दोष थोडा. ते काम बुरशीचं. ही बुरशी असा रस सोडते की त्यात केराटिन विरघळतं, मग ती ते शोषून घेते. नायटाही तिच्याच भाऊबंदांचा. यांना ओल हवी असते, म्हणून बेचकं कोरडं ठेवलं की निम्मी लढाई जिंकली. आणि घरात पडलेली कुठली तरी ट्यूब शोधून चोळू नका. काही मलमांनी खाज थांबते आणि बुरशी खाली मजेत पसरते. डॉक्टरांना पाय दाखवायला लाजायचं काय त्यात?

पावसाचाच विषय निघालाय तर आणखी एक. फार वेळ पाण्यात राहिलं की बोटं सुरकुततात. कित्येक वर्षं लोक म्हणायचे, वरचं केराटिन पाणी पिऊन फुगतं आणि चुण्या पडतात. ऐकायला पटतं ना? पण 1930 च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या बोटाची नस तुटलेली असते, ते पाण्यात सुरकुततच नाही! म्हणजे हुकूम मेंदूकडून, नसांमार्फत येतो. आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी दुमडते. केराटिनवर उगाच आळ आला होता.

पण केराटिन एवढं चिवट कशामुळे? निरांजनाजवळ वाकताना कधी चुकून केस जळलाय का? (मुद्दाम जाळायचा नाही हं.) तो उग्र वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. त्या वासात गंधकाचा मोठा हात असतो. केराटिनच्या लांब लांब साखळ्या शेजारी शेजारी असतात आणि गंधकाचे अणू त्यांच्यामध्ये पूल बांधतात. पूल जितके जास्त, तितका पदार्थ कडक. नखात आणि शिंगात पुष्कळ, कातडीत कमी, म्हणून गालाला चिमटा काढता येतो आणि नखाला येत नाही.

त्या साखळ्यांचा आकार कसा असतो, हे कोडं लोकरीवर क्ष-किरण टाकून बघणाऱ्यांनाही नीट सुटत नव्हतं. 1948 साली अमेरिकेचे शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ऑक्सफर्डला गेले होते आणि तिथे सर्दीने अंथरुणाला खिळले. गुप्तहेरांच्या गोष्टी वाचून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी एका कागदावर साखळीचं चित्र काढलं आणि कागदाला घड्या घालत बसले. घड्या घालता घालता साखळीची गोल जिन्यासारखी गुंडाळी झाली आणि सगळं चपखल बसलं! 1951 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते छापलं, 1954 साली पॉलिंगना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे केसात स्प्रिंगा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून, सुंभासारख्या. म्हणून ओला केस हलकेच ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो. एक निरोगी केस पन्नास ते शंभर ग्रॅम वजन सहज पेलतो.

माझ्या एका मावसबहिणीने लग्नाआधी केसांना ‘केराटिन’ करून घेतलं. पार्लरचं नाव सांगत नाही. तिथे बसून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिला वाटत होतं, केसांत केराटिन भरतायत. पण बहुतेक वेळा केस सरळ होतात ते त्या मिश्रणातल्या रसायनांनी आणि तापलेल्या इस्त्रीने. साखळ्या सरळ धरून तशाच जखडून टाकायच्या, हे त्यामागचं तंत्र. अशा कित्येक मिश्रणांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा झोंबरा वायू सुटतो, तोच डोळ्यांत गेला. तीन महिन्यांनी मुळाकडून तिचे जुने कुरळे केस तीन सेंटीमीटर बाहेर आले. केस कुरळा की सरळ, हे तो ज्या नळीतून उगवतो तिच्या आकारावर ठरतं, आणि ती नळी असते कातडीच्या आत. मला तिचे कुरळेच आवडायचे, पण मला कोण विचारतं.

केराटिनची आणखी एक तऱ्हा बघायची तर हिवाळ्यात एकदा ऐरोलीहून बोटीने ठाण्याच्या खाडीत जा. 2015 पासून इथे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे आणि 2022 साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. चिखलात हजारो गुलाबी पक्षी माना उलट्या करून चरत असतात. त्यांची पिसं केराटिनच्याच चुलत घराण्यातली, पण साखळ्यांची घडी वेगळी. आपल्यासारखी स्प्रिंग नाही, तर पत्र्यासारखी घडी. त्यामुळे पीस हलकं आणि ताठ. चोचीवरचं कवचही तसंच, आणि तिच्या कडेला आत बारीक दातेरी गाळणी. चिखलपाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, शेवाळ आणि किडे आत राहतात. त्याच खाण्यातला रंग पुढे पिसांत उतरतो. पिल्लं जन्मतात तेव्हा करडीच असतात, गुलाबीपणा खाऊन खाऊन मिळवावा लागतो.

आता हाताने करायचे दोन उद्योग. पहिला सोपा. कंगव्यातला एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उभा धरा आणि बोटं हलकेच वर-खाली चोळा. केस चालायला लागेल! आणि दर वेळी मुळाच्याच दिशेने. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, सगळे टोकाकडे तोंड करून. एका बाजूने तो सुळकन सरकतो, दुसऱ्या बाजूने कौलं अडकतात. लोकर गरम पाण्यात रगडली की आटून घट्ट का होते, त्याचंही एक कारण हेच.

दुसरा उद्योग आम्ही सलूनमधून आल्यावर केला. केसाने पाणी शोषलं की तो लांबतो. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला तर शंभरात दोन-अडीच भागांनी. जिनिव्हाचे सोस्यूर नावाचे शास्त्रज्ञ यावरून हवेची आर्द्रता मोजायचे. 1783 साली त्यांनी आपलं केसाचं यंत्र जगापुढे मांडलं. पुढे वेधशाळांत, आपल्या हवामान खात्याच्यासुद्धा, माणसाच्या केसांची जुडी बसवलेली यंत्रं वर्षानुवर्षे चालली.

आम्हाला वीस सेंटीमीटरचा केस हवा होता. ओंकारचे सगळे काकांनी झाडून नेलेले, आणि तसेही ते आखूडच. सईचा ओढून काढायची त्याची फार तयारी होती, पण तिने कंगव्यातला दिला. तो शाम्पूने धुऊन तेल काढलं. खोक्याच्या उभ्या पुठ्ठ्यावर एक हलकी शीतपेयाची नळी एका टोकाजवळ टाचणीने सैल खोचली, गरागरा फिरेल अशी. टाचणीपासून एक सेंटीमीटरवर केसाचं एक टोक चिकटवलं, दुसरं वर पुठ्ठ्याला, नळी आडवी राहील इतकं ताणून. नळीचं लांब टोक टाचणीपासून पंधरा सेंटीमीटर पुढे, आणि त्याच्या मागे पुठ्ठ्यावर रेघा. केस अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबला तरी नळीचं टोक सेंटीमीटरभर खाली उतरतं. बाहेर ढग भरले, टोक उतरलं. ऊन पडलं, चढलं.

संध्याकाळी खिडकीतून उचलून आम्ही यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. कुकरची पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला नळी दोन रेघा खाली आली.

“आईने भात लावलाय,” ओंकारने केसाकडे बघून जाहीर केलं.

“बटाटे आहेत,” आतून आवाज आला.